पेट्रोलची वाट

नाशिक रोडच्या गॅरेजांत एक तक्रार नेहमी येते. बिटको चौकातून निघालेली जुनी मोटारसायकल चेहेडीचा दारणा पूल ओलांडते, शिंदे-पळसे मागे टाकते, तोवर तिची काही कुरकुर नसते. मोहदरी घाटाचा चढ लागला की मात्र दम तुटतो. रेस द्यावी तशी ती मंदावते, दोन-चार आचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबून किक मारली की पुन्हा चालू होते. सिन्नरहून परतताना उतारावर तिला काहीच होत नाही, आणि गॅरेजच्या दारात उभी केली तर आयडलिंगही सुरेख असतं.

अशा गाडीचा मालक बहुधा एकच सांगतो, “कार्बोरेटर साफ करून द्या.” जाणता मिस्त्री मात्र कार्बोरेटरला लगेच हात लावत नाही. तो टाकीच्या झाकणापासून सुरुवात करतो. पेट्रोल ज्या वाटेनं उतरतं, त्याच वाटेनं शोध घ्यायचा, हा या कसबाचा पाया आहे.

नाशिक रोडला दुचाकीशिवाय चालत नाही. १९२५ मध्ये इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस. शिवाय रेल्वे, एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आणि देवळालीचा लष्करी कॅम्प. पाळीची वेळ चुकवून चालत नाही, म्हणून सकाळी पहिल्या किकला लागणारी गाडी हवी असते. राजदूत, येझदी आणि बुलेटचा एक काळ होता. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. यातल्या कितीतरी गाड्या एमएच १५ च्या पाट्या लावून आजही धावतात. त्या चालत्या ठेवणारं ज्ञान पुस्तकात फारसं सापडत नाही. ते हाताखाली शिकलेल्या माणसांकडे आहे, म्हणून ते नीट मांडून ठेवायला हवं.

पेट्रोल कसं उतरतं

जुन्या मोटारसायकलीत पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, त्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं. टाकीतून कॉक, कॉकमधून रबरी पाइप आणि पाइपमधून कार्बोरेटरच्या तळाची वाटी. वाटीत फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर उचलला जातो आणि त्याच्यावरची छोटी सुई पेट्रोलचं तोंड बंद करते. पातळी उतरली की तोंड पुन्हा उघडतं. इंजिन हवा ओढतं तेव्हा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जाऊन त्याचा फवारा होतो. वाटीतून फवारा उडवणारा असा कार्बोरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये घडवला. पूर्ण ज्वलनासाठी वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण दर क्षणी सांभाळण्याचं काम त्या पितळी जेटांकडे असतं.

घाटातल्या तक्रारीचं मूळ एका साध्या हिशेबात आहे. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० च्या वेगानं सपाटीवर धावली, तर तासाला एक लिटर पेट्रोल घेते, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर. चढावर पूर्ण रेसमध्ये हाच खप दुप्पट झाला, तर मिनिटाला ३४ मिलिलिटर लागतील. कॉकची जाळी तुंबून मिनिटाला जेमतेम २५ मिलिलिटरच उतरत असेल, तर सपाटीवर कुणाला पत्ता लागणार नाही. घाटात मात्र येतं त्याहून जास्त जातं. वाटीतली पातळी घसरत जाते आणि गाडी गुदमरते. थांबलं की वाटी हळूहळू पुन्हा भरते, म्हणून दहा मिनिटांनी किक लागते. गॅरेजात उभ्या गाडीला नुसतं ऐकून हा दोष पकडता येत नाही.

आधी प्लग, मग झाकण

गाडी बंद पडली की त्याच क्षणी प्लग काढून बघावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी पडत नाही किंवा ओव्हरफ्लो होतोय. ही पहिली पायरी गाळली की पुढची मेहनत वाया जाते, कारण तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलसुद्धा अगदी अशीच लक्षणं दाखवते. गाडी गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. कॉइलच्या दोषासाठी कार्बोरेटर चार वेळा उघडल्याची उदाहरणं कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतात.

प्लग कोरडा निघाला की टाकीचं झाकण उघडावं. टाकीतून पेट्रोल जातं, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. धूळ, गंज किंवा पॉलिशच्या मळानं ती बुजली की टाकीत निर्वात तयार होऊ लागतो आणि पेट्रोल उतरणं थांबतं. झाकण उघडताना आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी नीट चालू लागली, तर दोष तिथेच सापडला. ही तपासणी बंद पडल्याबरोबर करायची. थोडा वेळ गेला की हवा कशीबशी आत झिरपते आणि पुरावा नाहीसा होतो.

झाकण निर्दोष असेल तर पाळी कॉकची. इंजिन थंड होऊ द्यावं, जवळ बिडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. पाइप कार्बोरेटरकडून काढून पारदर्शक बाटलीत सोडावा आणि घड्याळ लावून एक मिनिट पेट्रोल मोजावं. धार सलग हवी. सुरुवातीला जोरात येऊन मग थेंब-थेंब होत असेल, तर अडथळा आहे. आधी मेनवर, मग रिझर्व्हवर मोजावं. टाकीत मेनची नळी उंच असते आणि रिझर्व्हचं तोंड तळाशी. सतत रिझर्व्हवर चालवण्याची सवय असलेल्या गाडीत तळाचा गाळ आधी जाळीत आणि मग जेटमध्ये येतो. टाकी भरलेली असताना नसणारी तक्रार अर्ध्या टाकीला सुरू होत असेल, तर तीही मोठी खूण आहे. पेट्रोलची उंची कमी झाली की दाब कमी होतो आणि तुंबलेली जाळी उघडी पडते.

बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवावी. तळाशी तांबूस कण बसले तर टाकी आतून गंजली आहे. तळाला वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर पाणी आहे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत झाकणाच्या जुन्या रबरातून पाणी शिरतं. अशा वेळी टाकी न धुता नुसता कार्बोरेटर साफ केला, तर तीच गाडी लवकरच पुन्हा दारात उभी राहते.

कार्बोरेटरची पाळी

वाटेवरचं सगळं ठीक निघाल्यावर कार्बोरेटर उघडावा, आणि तोही गाडीला ऐकून. आयडलिंगला बंद पडते पण चोक ओढला की चालते, असं असेल तर पायलट जेट तुंबलेला असतो. मधल्या रेसमध्ये मिसिंग असेल तर नीडल आणि तिच्या क्लिपची खाच बघावी. खालची रेस ठीक आणि पूर्ण रेस घेत नसेल तर मेन जेट किंवा फ्लोटची पातळी. खालून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाही. आयडलिंग आपोआप वर-खाली होत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड चिरलेला असू शकतो. पेट्रोल पुरेसं येतं, पण चोरवाटेनं जास्तीची हवा शिरते. प्लगचा रंग साक्ष देतो. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, काजळी धरलेला असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर प्रमाण योग्य.

जेटच्या छिद्राचं माप कारखान्यात ठरलेलं असतं आणि पितळ मऊ असतं. कडक तार घालून ते कोरलं की छिद्र मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. म्हणून जेट हवेच्या प्रेशरनं आणि क्लीनरनं साफ करायचा. एका वेळी एकच बदल करायचा आणि गाडी चालवून बघायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण दोष कुठे होता ते कळणार नाही.

टू-स्ट्रोक गाड्यांत हे काम अधिक निकडीचं आहे. राजदूत आणि येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकतात. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं. घाटात गाडी अडखळत असतानाही रेस देत राहिलं तर पिस्टन जाम होऊ शकतो. शंभर-दोनशे रुपयांची जाळी आणि पूर्ण इंजिनचं काम, यांत अंतर केवळ वेळेवर थांबण्याचं असतं.

बदललेलं पेट्रोल

फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. उसाच्या महाराष्ट्राला या धोरणाचा लाभ आहे, पण जुन्या गाडीनं काळजी घ्यायला हवी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, नेमका कॉकच्या तोंडाशी. जुने रबरी पाइप आणि सील त्यानं फुगतात किंवा कडक होतात, टाकीत साचलेला चिकट थर सुटून जाळीत येतो. इथेनॉलला ज्वलनासाठी हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटांवर मिश्रण थोडं हवेच्या बाजूला झुकतं. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी, पाइप नव्या पेट्रोलला चालणारे घालावेत आणि पावसाळ्यानंतर एकदा तळाचं पेट्रोल बाटलीत काढून बघावं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेला. इंजेक्शनच्या गाडीत टाकीत पंप असतो, सेन्सर असतात, दोषाचा कोड दिसतो. म्हणून गॅरेजात येणाऱ्या नव्या मुलांना जुनं शिकून काय करायचं, असं वाटतं. पण तिथेही पेट्रोल टाकी, फिल्टर, पंप, पाइप आणि इंजेक्टर याच क्रमानं जातं. फिल्टर तुंबला की तीही गाडी चढावरच दम टाकते, आणि सेन्सरचा कोड त्या फिल्टरकडे बोट दाखवेलच असं नाही. क्रमानं तपासणं, मोजून बघणं, एका वेळी एकच बदल करणं आणि पुराव्याआधी भाग न बदलणं, ही शिस्त दोन्ही यंत्रांना सारखीच लागू पडते. शिकाऊ मुलाच्या हातात पहिल्या दिवशी पान्ह्याबरोबर एक पारदर्शक बाटलीही द्यावी. मोजून बघण्याची सवय लागली, की पुढे कुठलीही गाडी आली तरी तो अंदाजानं भाग बदलत बसणार नाही, आणि गाडीवर पोट असलेल्या माणसाचे पैसे वाचतील.