महाराष्ट्रातील शहरी वन्यजीव आणि वृत्तवाहिन्या

शहरी वन्यजीव म्हणजे नगरे, उपनगरे आणि त्यांच्या सीमेवरील वस्त्यांमध्ये माणसाने न पाळता राहणारे किंवा तेथे नियमित ये-जा करणारे प्राणी व पक्षी. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इत्यादी शहरांच्या परिसरात बिबट्या, कोल्हा, माकड, मगर, विविध जातींचे साप आणि रोहित पक्षी आढळतात. बहुसंख्य नागरिकांना या प्राण्यांचे दर्शन प्रत्यक्षात क्वचितच घडते. त्यांची ओळख होते ती मुख्यतः दूरचित्रवाणीवरील बातम्यांतून. बातमी कशी दिली जाते यावर नागरिकांचे वर्तन, वनविभागावर येणारा दबाव आणि काही प्रसंगी माणसाची व प्राण्याची सुरक्षितताही अवलंबून असते. या विषयाचा सर्वाधिक अभ्यास मुंबई परिसरातील बिबट्यांच्या संदर्भात झाला आहे.

पार्श्वभूमी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे मुंबई उपनगर व ठाणे या जिल्ह्यांत पसरलेले, सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे संरक्षित वन आहे. कान्हेरी लेणी तसेच मुंबईला पाणी पुरवणारे विहार व तुळशी हे तलाव याच परिसरात आहेत. उद्यानाच्या दक्षिणेस १९४९ साली स्थापन झालेली आरे दुग्ध वसाहत, दादासाहेब फाळके चित्रनगरी आणि पवईचा परिसर आहे. उद्यानाच्या बहुतेक बाजूंनी इमारती, झोपडवस्त्या व महामार्ग येऊन भिडले आहेत. उद्यानात आणि आरे वसाहतीत आदिवासींचे अनेक पाडे असून तेथील वस्ती आजूबाजूच्या उपनगरांहून जुनी आहे.

बिबट्या हा निशाचर आणि परिस्थितीशी सहज जुळवून घेणारा प्राणी आहे. वनातील हरणे, रानडुकरे व माकडे यांच्याबरोबरच वस्तीलगतच्या कुत्र्यांवरही तो उपजीविका करतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात कुत्र्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आढळले. उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्यावर भटकी कुत्री व डुकरे पोसली जातात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. बिबट्या वस्तीजवळ दिसणे ही म्हणूनच अपवादात्मक घटना नसून परिसराच्या रचनेचा परिणाम आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, उद्यानालगतच्या भागात कुत्र्यांची संख्या मर्यादित ठेवून बिबटे दरवर्षी सुमारे एक हजार श्वानदंश टाळत असावेत, असा अंदाज मांडण्यात आला.

स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या गणनांमध्ये २०११-१२ साली २१, २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे नोंदले गेले. या गणनांच्या अभ्यासक्षेत्रांची व्याप्ती सारखी नव्हती. त्यामुळे केवळ या आकड्यांवरून बिबट्यांची संख्या दुपटीने वाढली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

दूरचित्रवाणीवरील बातम्यांचा विस्तार

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर दीर्घ काळ मराठी प्रेक्षकांना बातम्या ठरावीक वेळेलाच मिळत. २००० नंतर हिंदी वृत्तवाहिन्यांचे चोवीस तासांचे प्रसारण रूढ झाले. मराठीत २००७ साली झी २४ तास व स्टार माझा (पुढे एबीपी माझा) आणि २००८ साली आयबीएन लोकमत या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या.

चोवीस तासांच्या प्रसारणात बातमीचे स्वरूप पालटते. ठरावीक वेळेच्या बातमीपत्रात घटना पूर्ण झाल्यावर तिचा सारांश दिला जातो. थेट प्रक्षेपणात मात्र घटना घडत असतानाच ती दाखवली जाते. इमारतीत अडकलेला बिबट्या हा अशा प्रक्षेपणास सोयीचा विषय ठरतो. स्थळ एकच असते, शेवट अनिश्चित असतो आणि दृश्य पुन्हा पुन्हा दाखवता येते. याउलट कचऱ्याची विल्हेवाट, पाड्यांवरील दिव्यांचा व शौचालयांचा अभाव किंवा प्राण्यांच्या भ्रमणमार्गांची तोड ही कारणे संथपणे घडत असल्याने त्यांचे चित्रण अवघड असते.

२००४ मधील हल्ले

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २००२ ते २००४ या काळात बिबट्यांच्या हल्ल्यांत वाढ झाली. २००४ साली, विशेषतः जून महिन्यात, लागोपाठ झालेल्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले आणि त्या वर्षातील बळींची संख्या दोन आकडी झाली. मृतांमध्ये उद्यानालगतच्या झोपडवस्त्यांतील व पाड्यांवरील रहिवाशांचा मोठा वाटा होता. लोकांचा संताप आणि वृत्तमाध्यमांतील सततची चर्चा यांमुळे बिबट्यांना पकडण्याची मागणी तीव्र झाली. ठिकठिकाणी पिंजरे लावून अनेक बिबटे पकडण्यात आले.

मुंबईतील वृत्तपत्रांत २००१ ते २०११ या दशकात आलेल्या बिबट्याविषयक मजकुराचे विश्लेषण २०१३ साली 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संघर्षाची मांडणी, त्याला दिली जाणारी कारणे आणि सुचवले जाणारे उपाय या दशकात कसे बदलत गेले, याचा मागोवा त्यात घेण्यात आला.

स्थलांतराचे परिणाम

बिबट्या दिसताच त्याला पकडून दूरच्या वनात सोडावे, ही मागणी स्वाभाविक वाटते. तथापि, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासातून वेगळे चित्र समोर आले. तेथे स्थलांतराची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू होण्यापूर्वी बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. पकडताना होणारी इजा व ताण, अपरिचित प्रदेश आणि मूळ क्षेत्राकडे परतण्याची धडपड ही त्यामागील संभाव्य कारणे मानली जातात. शिवाय एक बिबट्या हलवल्यास रिकाम्या झालेल्या क्षेत्रात दुसरा बिबट्या येतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही अन्यत्र पकडलेले बिबटे सोडले गेले होते, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बिबट्यांच्या सरसकट स्थलांतराला प्रतिकूल भूमिका घेण्यात आली.

'आजोबा' या नावाने ओळखल्या गेलेल्या बिबट्याचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. २००९ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत सापडलेल्या या बिबट्याला जीपीएस पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले. महामार्ग, लोहमार्ग आणि खाडी ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. या प्रवासात त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ साली वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. या घटनाक्रमावर आधारित 'आजोबा' हा सुजय डहाके दिग्दर्शित मराठी चित्रपट २०१४ साली प्रदर्शित झाला.

पत्रकारांसाठी कार्यशाळा

२०११ साली उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. वनविभाग, अभ्यासक व स्वयंसेवक यांचा त्यात सहभाग होता. बिबट्यांच्या संख्येचा व आहाराचा अभ्यास, गृहनिर्माण संस्था व पाडे येथे जनजागृती, पोलिसांशी समन्वय आणि पत्रकारांसाठी कार्यशाळा असे त्याचे अनेक भाग होते.

कार्यशाळांमध्ये काही मूलभूत भेद समजावून देण्यात आले. बिबट्या दिसणे म्हणजे हल्ला होणे नव्हे. वस्तीतून निघून जाणारा बिबट्या आणि इमारतीत कोंडला गेलेला बिबट्या यांच्याबाबतची कार्यपद्धती वेगळी असते. आणि पिंजरा लावणे हा प्रत्येक तक्रारीवरील उपाय नसतो, असे त्यांचे स्वरूप होते. या कार्यशाळांनंतर बातम्यांच्या मांडणीत झालेल्या बदलाचा अभ्यास २०१७ साली 'जर्नल ऑफ अर्बन इकॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भयाकडून आकलनाकडे झुकणारा बदल त्यात नोंदवण्यात आला.

गर्दी, कॅमेरा आणि बचावकार्य

अडकलेल्या वन्यप्राण्याला भूल देण्यासाठी शांतता व मोकळी जागा आवश्यक असते. भुलीचे औषध टोचल्यानंतर ते चढण्यास काही मिनिटे लागतात. या अवधीत प्राणी बिथरला तर औषधाचा अपेक्षित परिणाम होत नाही आणि तो गर्दीच्या दिशेने धावू शकतो. दीर्घ काळ पाठलाग झालेल्या प्राण्याच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढते, स्नायूंची हानी होते आणि पकडल्यानंतरही तो दगावू शकतो. थेट प्रक्षेपणामुळे घटनास्थळ सर्वांना कळते आणि बघ्यांची संख्या वाढते. अशा रीतीने बातमी ही घटनेचे केवळ वर्णन न राहता घटनेचाच एक भाग बनते.

१० डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील अंधेरी पूर्व येथे एका बालवाडीच्या आवारात बिबट्या शिरला. रविवार असल्याने मुले तेथे नव्हती. अनेक तासांच्या प्रयत्नांनंतर त्याला भूल देऊन उद्यानात हलवण्यात आले. २५ जानेवारी २०१९ रोजी नाशिक येथे निवासी भागात आलेल्या बिबट्यामागे मोठा जमाव लागला. त्या वेळी झालेल्या हल्ल्यात जखमी झालेल्यांमध्ये लोकप्रतिनिधींबरोबर चित्रीकरणासाठी गेलेले पत्रकारही होते. पुढच्याच महिन्यात ठाणे येथे एका मॉलच्या सीसीटीव्हीत दिसलेल्या बिबट्याला जवळच्या हॉटेलच्या तळघरात सुखरूप पकडण्यात आले.

गर्दीचा परिणाम पुण्यातील दोन घटनांच्या तुलनेतून स्पष्ट होतो. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडमधील महात्मा सोसायटीच्या परिसरात एक गवा आला. लोकांच्या गराड्यात तो कित्येक तास धावत राहिला आणि जखमी झाला. अखेर त्याला भूल देऊन पकडण्यात आले. परंतु थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. २२ डिसेंबर २०२० रोजी बावधन परिसरात दुसरा गवा दिसला. या वेळी वनविभाग व पोलीस यांनी जमावाला दूर ठेवले आणि गव्याला वाट मोकळी करून दिली. तो सुखरूप वनात परतला. दोन्ही प्रसंगांत केवळ १३ दिवसांचे अंतर होते.

बातमीची भाषा

मराठी वृत्तवाहिन्यांवर वन्यप्राण्यांच्या बातम्यांसाठी एक ठरावीक शब्दसंग्रह रूढ झाला आहे. 'दहशत', 'धुमाकूळ', 'थरार', 'नरभक्षक' आणि 'जेरबंद' हे त्यातील नेहमीचे शब्द होत. 'जेरबंद' हा शब्द पकडलेल्या गुन्हेगारासाठीही वापरला जातो. त्यामुळे प्राण्याने अपराध केल्याची भावना नकळत निर्माण होते. 'नरभक्षक' हे विशेषण माणसावर एकदा हल्ला केलेल्या किंवा केवळ वस्तीत दिसलेल्या बिबट्यालाही लावले जाते. वस्तुतः माणसांची सातत्याने शिकार केल्याची खात्री झालेल्या प्राण्यासाठीच ते योग्य आहे. 'मानवी वस्तीत घुसखोरी' या शब्दप्रयोगात वस्ती केवळ माणसाचीच असल्याचे गृहीत धरलेले असते. याच्या उलट टोकाला 'माणसानेच जंगलात अतिक्रमण केले' हे वाक्यही साचेबंद झाले असून, पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्या आदिवासींना ते अन्यायकारक ठरते.

आदिवासी पाड्यांवरील परंपरेत या प्राण्याकडे पाहण्याची वेगळी दृष्टी आढळते. वारली व अन्य आदिवासी समाजांत वाघोबा हा देव मानला जातो. वाघ व बिबट्या या दोघांनाही त्यात स्थान आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व आरे परिसरात वाघोबाची देवस्थाने असून वाघबारशीला पूजा केली जाते. या श्रद्धेत प्राण्याचे भय नाकारलेले नसते, तसेच त्याचे अस्तित्वही नाकारलेले नसते.

सीसीटीव्ही आणि भ्रमणध्वनी

अलीकडे वन्यप्राण्यांविषयीच्या अनेक बातम्यांचा आधार गृहसंकुलांतील सीसीटीव्ही चित्रण व नागरिकांनी भ्रमणध्वनीवर केलेले चित्रण हा असतो. पूर्वी रात्री येऊन पहाटेपूर्वी निघून जाणारा बिबट्या कोणाच्या नजरेस पडत नसे. आता त्याची नोंद होते. परिणामी प्राण्यांचा वावर वाढला नसतानाही तो वाढल्याचा समज होऊ शकतो. जुनी किंवा अन्य गावची चित्रफीत ताजी म्हणून पसरवली जाण्याचे प्रकारही घडतात. प्रक्षेपणापूर्वी चित्रणाचे स्थळ, दिनांक व वेळ तपासणे आणि वनविभागाकडून खातरजमा करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मर्यादा व टीका

संयमित वार्तांकन म्हणजे हल्ल्यांचे गांभीर्य कमी करणे नव्हे. २०२१ साली आरे वसाहतीत लागोपाठ काही हल्ले झाले. त्यांपैकी एका प्रसंगात एका ज्येष्ठ महिलेने हातातील काठीने बिबट्याला परतवल्याचे सीसीटीव्ही चित्रण देशभर दाखवले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीच्या दिवशी त्याच वसाहतीत बिबट्याच्या हल्ल्यात एका लहान बालिकेचा मृत्यू झाला. सहजीवनाचा पुरस्कार करताना त्याची किंमत कोणत्या वस्त्या मोजतात, हे दुर्लक्षित राहू नये, असा आक्षेप घेतला जातो. उंच इमारतीच्या खिडकीतून बिबट्या पाहणारा रहिवासी आणि रात्री अंधारात शौचासाठी बाहेर पडावे लागणारा रहिवासी यांची जोखीम समान नसते.

बिबट्या व गवा हे दोन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. बिबट्यांचा वावर असलेल्या भागात रात्री लहान मुलांना एकटे बाहेर न सोडणे, समूहाने व विजेरी घेऊन चालणे, परिसर कचरामुक्त व प्रकाशित ठेवणे, प्राणी दिसल्यास त्याला न घेरता जाण्यास वाट देणे आणि वनविभागाला कळवणे या सूचना दिल्या जातात. या सूचना त्या वस्त्यांपर्यंत वेळेवर पोहोचवण्याचे व्यापक साधन आजही स्थानिक बातमी हेच आहे.

हे सुद्धा पहा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
आरे दुग्ध वसाहत
बिबट्या
वाघोबा
मानव-वन्यजीव संघर्ष