पाण्यापलीकडच्या गावात दवाखाना कसा पोचला?

मैत्रिणींनो, आपल्या शहापूर-मुरबाडकडे पावसात ओढा फुगला की काही पाड्यांची वाट बंद होते. पाणी ओसरलं की वाट मोकळी. पण जिथं बारा महिने पाण्यातूनच जावं लागतं, तिथं बाळंतपणाचं, तापाचं, साप चावल्याचं काय होत असेल? नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठी अशी गावं आहेत.

सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. पाणी चढत गेलं तशा काठच्या वाटा बुडाल्या. काही पाडे बेटासारखे झाले, म्हणजे पुढे पाणी नि मागे उभा डोंगर. २०१९ साली धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

पूर्वी तिथं इलाज म्हणजे भगत, झाडपाला आणि सुईण. बाई अडलीच तर बांबूला झोळी बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा नि डोंगर चढायचा. लोक तिला आता ‘बांबूलन्स’ म्हणतात. शब्द गमतीचा वाटतो, पण आत असते कळा देणारी बाई.

सरकारी दवाखाना का नव्हता? नियम असा की आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र. सपाटीवर हेच आकडे ३० हजार आणि ५ हजार आहेत. म्हणजे सवलत आहे, पण मोजणी डोक्यांची होते, मधल्या पाण्याची होत नाही. दोनशे माणसांच्या पाड्याला उपकेंद्र कागदावर मिळतं, पण तिथं जायला होडी लागते.

म्हणून मग दवाखानाच होडीत बसला. डॉक्टर, नर्स आणि औषधं घेऊन काठाकाठाने फिरणारा तरंगता दवाखाना सुरू झाला. पेशंट आणायला बोट ॲम्ब्युलन्सही आल्या. मोठी सोय झाली. पण बोटीला डिझेल लागतं, दुरुस्ती लागते, चालवणारा लागतो. यातलं एक जरी नसलं तरी बोट काठालाच उभी.

२०२० साली कोरोनाच्या भीतीने अलिगाट आणि दादर या वस्त्यांतले लोक अंगणवाडीत येईनात. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली. स्वतः वल्ही मारत त्या गरोदर बायांकडे नि लहान बाळांकडे जाऊ लागल्या, वजन घेऊ लागल्या, पोषण आहार देऊ लागल्या. कोणत्या घरात किती दिवसांची बाळंतीण आहे, हे त्यांना माहीत होतं. मोठ्या बोटीकडे ही माहिती नसते.

या गावांकडून आपण काय घ्यायचं? वाहन हवंच, ते मागायचंही. पण जीव वाचतो तो आधीच्या तयारीने. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ असतं. तारखेच्या काही दिवस आधीच बाईने तिथं जाऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर वाट शोधावी लागत नाही.

पावसाळ्याआधीच्या बैठकीत बचतीच्या हिशोबानंतर एवढं विचारूया:

- सातवा, आठवा, नववा महिना कुणाला आहे? तारीख काय?
- आपल्या आरोग्य केंद्रात माहेरघर आहे का? आशाताईंना विचारलं का?
- वाट बंद झाली तर झोळीला खांदा कोण देणार?
- मोबाईलला रेंज कुठे मिळते? १०२ आणि १०८ नंबर घराघरांत लिहिलेत का?
- जीपच्या भाड्यासाठी गटातून रात्रीसुद्धा पैसे कोण काढून देईल?

अंगावरून जास्त रक्त जाणं, झटके येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यात सकाळची वाट बघायची नाही. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंत येते. पाड्यापासून रस्त्यापर्यंतची वाट आपल्यालाच ठरवून ठेवावी लागते.