बफर वाढवू की खेळ चालवू?
फ्लॉपी ड्राइव्हची ती खर्र-खर्र आठवते? आतली तबकडी मिनिटाला 300 फेरे घ्यायची, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग. हवा असलेला सेक्टर हेडखालून नुकताच निसटला असेल, तर पुढचा फेरा पुरा होईपर्यंत ताटकळायचं. प्रोसेसरच्या मानाने हे म्हणजे हुकलेल्या एसटीनंतर पुढच्या गाडीची वाट पाहणं.

डॉसमध्ये यावर तोडगा होता. 'कॉन्फिग डॉट सिस' या साध्या मजकुराच्या फाइलीत 'बफर्स=30' अशी ओळ लिहायची. मग वाचलेले सेक्टर मेमरीत राहायचे आणि कुठली फाइल कुठे आहे हे बघायला हेडला दर वेळी अगदी बाहेरच्या ट्रॅककडे धावावं लागायचं नाही.

पण फुकट काहीच नाही. एका बफरला 512 बाइट, वर थोडा नोंदींचा खर्च. तीस बफर म्हणजे जवळपास 16 केबी गेले. आणि मुळात होते किती? 1981च्या आयबीएम पीसीतला 8088 प्रोसेसर 1 एमबीपलीकडचे पत्ते ओळखायचाच नाही. त्यातले 384 केबी स्क्रीन, बायोस वगैरेंसाठी राखीव, प्रोग्रॅमच्या वाट्याला 640. एखादा खेळ मेमरीसाठी अडून बसला की पहिली कात्री बफरांना.

1991च्या एमएस-डॉस 5मध्ये 'हायमेम डॉट सिस' चढवून 'डॉस=हाय' लिहिलं, की डॉसचा बराचसा भाग, बफरांसकट, 1 एमबीच्या वरच्या जेमतेम 64 केबीत जाऊन बसायचा. अट एकच: प्रोसेसर 286 किंवा पुढचा हवा. 8088वाले आपले कात्री घेऊन तिथेच.