बेटांवरची माणसे कुठून आली?

अंदमानच्या आदिवासींविषयी मुलांनी विचारले, तर काय सांगाल? हावड्याच्या एका मुलीने हाच प्रश्न आयुष्यभर जपला.

अंदमान म्हटले की मराठी घरात आठवते ते सेल्युलर जेल आणि सावरकरांची काळकोठडी. पण मुलांची जिज्ञासा तिथे थांबत नाही. ‘जेल बांधायच्या आधी तिथे कोण राहत होतं?’ असा प्रश्न येतोच. ‘होते कुणी जंगली लोक,’ असे म्हणून बरेच पालक वेळ मारून नेतात. मुलाच्या मनात मात्र तोच शब्द घर करून बसतो.

हावड्याच्या शिबपूर भागात वाढलेल्या मधुमाला चट्टोपाध्याय यांचे नशीब चांगले. बारा वर्षांच्या असताना त्यांनी अंदमानच्या ओंगी जमातीत एक मूल जन्मल्याची छोटीशी बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि ‘मला तिथे न्या’ असा हट्ट धरला. वडिलांनी तो हसण्यावारी नेला नाही. तिथे कुणालाही जाता येत नाही, अभ्यासकच जाऊ शकतात, असे त्यांनी समजावले. मुलीने मग अभ्यासकच व्हायचे ठरवले!

कोलकाता विद्यापीठातून मानववंशशास्त्राची पदवी घेऊन त्या भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण या संस्थेतर्फे अंदमानात गेल्या. ४ जानेवारी १९९१ रोजी उत्तर सेंटिनल बेटाजवळ त्यांच्या पथकाने पाण्यात नारळ सोडले. एका तरुणाने बाण रोखला, तेव्हा शेजारच्या सेंटिनली स्त्रीने त्याला ढकलले आणि बाण पाण्यात पडला. फेब्रुवारीत पथक पुन्हा गेले, तेव्हा त्या लोकांनी थेट बोटीतून नारळ नेले.

आजी-पणजीची खूण

ही माणसे आली कुठून? मुलांसमोर नकाशा ठेवा आणि सांगा, आपणा सर्वांचेच पूर्वज आफ्रिकेतून निघाले. पेशींतील एक विशिष्ट गुणद्रव्य फक्त आईकडून मुलांना मिळते. त्याच्या आधारे आजी, पणजी, खापरपणजी असे मागे जाता येते. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी ओंगी आणि ग्रेट अंदमानी लोकांचे नमुने तपासून २००५ मध्ये निष्कर्ष मांडला, की त्यांची वंशरेषा ५० ते ७० हजार वर्षे जुनी असावी. पुढे इतर संशोधकांनी ते बेटांवर बरेच नंतर पोचले असावेत, असे मत मांडले. शास्त्रज्ञांतही मतभेद असतात, हेही मुलांना कळू द्यावे.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. अंदमानची बेटे तेव्हा एकमेकांना जोडलेली होती, पण ब्रह्मदेशाच्या बाजूला पाणी होतेच. म्हणजे ते ओलांडण्याचे कसब या लोकांकडे असले पाहिजे.

निकोबारी लोकांची कथा वेगळी. त्यांची भाषा ज्या ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली, त्याच कुळातली आपल्या मेळघाटातील कोरकूंची भाषा!

‘मागासलेले’ नव्हेत

मूळ जुने म्हणजे माणसे ‘अश्मयुगातली’, ही समजूत साफ चुकीची आहे. त्यांची आणि आपली वंशपरंपरा सारखीच लांब आहे. उत्तर सेंटिनलजवळ १९८१ मध्ये ‘प्रिमरोज’ हे जहाज रुतले. तेथील लोकांनी त्याचे लोखंड काढून बाणांची टोके केली. परिस्थिती बदलली तसे तेही बदलले.

मग ते बाहेरच्यांना का टाळतात? त्याला इतिहास आहे. १८८० मध्ये इंग्रज अधिकारी पोर्टमन याने एक वृद्ध जोडपे आणि चार मुले सेंटिनल बेटावरून पोर्ट ब्लेअरला नेली. ते जोडपे आजारी पडून दगावले आणि मुलांना परत सोडण्यात आले. १८५८ मध्ये इंग्रजांची कैद्यांची वसाहत झाली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. बाहेरून आलेले रोग आणि संघर्ष यांत ते खचत गेले. २०११ च्या जनगणनेत उरले ४४. बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धा २०१० मध्ये वारल्या आणि ती भाषाही गेली.

म्हणूनच १९५६ च्या नियमांनी त्यांच्या भागात बाहेरच्यांना मज्जाव आहे, आणि नारळ घेऊन जाणाऱ्या मोहिमाही १९९० च्या दशकात थांबल्या. त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे जगू द्यावे, असेच पुढे मधुमाला यांनीही सांगितले आहे.

अंदमानच्या सहलीत ‘वाटेत जारवा दाखवतो’ असे कुणी सांगितले, तर मुलांसमोरच ठाम नकार द्यावा. ‘का नाही?’ असे ती विचारतील. तेव्हा सांगावे, ‘ते त्यांचे घर आहे. आणि बोलावल्याशिवाय आपण कुणाच्या घरात डोकावत नाही.’