टीसी एक, पदव्या दोन

एका विद्यार्थ्याची टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, एकच असते. प्रवेशाच्या वेळी ती मूळ प्रत कॉलेजच्या खिडकीतून आत गेली की शिक्षण संपेपर्यंत बाहेर येत नाही. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करू नयेत, हा नियम आपल्याकडे वर्षानुवर्षे पाळला गेला तो बराचसा या कागदामुळे. दुसऱ्या कॉलेजात गेलात तर तिथला कारकून पहिला प्रश्न विचारणार, ‘टीसी आणली का?’ तिथेच विषय संपायचा.

13 एप्रिल 2022 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हा विषय पुन्हा उघडला. एका विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करता येईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे एका रात्रीत घडलेले नाही. 2012 साली फुरकान कमर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. नियमित विद्यार्थ्याला दुसरी पदवी दूरशिक्षणातून घेऊ द्यावी, असे तिचे म्हणणे होते. 2016 मध्ये यूजीसीने ते बाजूला ठेवले. 2019 मध्ये पुन्हा समिती बसली. या वेळी तिचे प्रमुख होते पुण्याचे प्राध्यापक भूषण पटवर्धन, तेव्हाचे यूजीसीचे उपाध्यक्ष. त्यानंतरही नियम कागदावर यायला तीन वर्षे लागली. 2022 च्या सूचना आधीच्या पदव्यांना लागू नव्हत्या. त्यामुळे पूर्वी गुपचूप किंवा अजाणता दोन पदव्या केलेले लोक अधांतरी राहिले होते. जून 2025 मध्ये यूजीसीने तीही गाठ सोडवली आणि इतर नियम पाळून मिळवलेल्या जुन्या पदव्याही ग्राह्य धरल्या.

आता वाटा तीन आहेत. दोन्ही पदव्या प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात, फक्त एकीच्या तासिका दुसरीच्या वेळेत यायला नकोत. एक वर्गात आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन, हा दुसरा मार्ग. तिसऱ्यात दोन्ही दूरशिक्षणाच्या किंवा ऑनलाइन. पीएचडी यात बसत नाही.

वाचायला सगळे सोपे आहे. खरी परीक्षा वेळापत्रकाची, आणि तिथे यूजीसीचे काही चालत नाही.

नागपूरच्या दक्षिणेला मनीषनगर ओलांडले की बेसा लागते. कालपरवापर्यंत ग्रामपंचायत असलेले हे गाव आता बेसा-पिपळा नगरपंचायतीत आहे. फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर पदवी झालेल्या, पुढे काय करावे या विचारात असलेल्या मुलामुलींची घरेही आली. समजा, इथल्या एका मुलीने राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या परिसरात अर्थशास्त्राच्या एमएला प्रवेश घेतला. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे. मनीषनगरमार्गे उज्ज्वलनगर स्टेशन गाठायचे, ऑरेंज लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून ॲक्वा लाइन, उतरल्यावर पुन्हा ऑटो. नाहीतर तोंडाला स्कार्फ बांधून स्वतःची दुचाकी काढायची. मे महिन्यात त्या स्कार्फला पर्यायच नसतो.

आता गणित करू. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 80 ते 88 श्रेयांकांची आहे, म्हणजे एका सत्राला साधारण 20 ते 22. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले 15 तास. पंधरा आठवड्यांचे सत्र धरले तर आठवड्याला 22 तास वर्गात जातात. दोन्ही पदव्या प्रत्यक्ष करायच्या ठरवल्या की हे 44 तास होतात. प्रवास, इंटरनल, सेमिनार, झेरॉक्सच्या दुकानातली रांग हे सगळे त्याच्या बाहेरचे. पूर्ण वेळ नोकरीएवढा काळ नुसते बाकावर बसायचे आणि दोन्हीकडे हजेरीची अट पाळायची. सकाळपाळीचे कॉलेज आणि दुपारचा विभाग अशी जोडी जमलीच, तरी बेसासारख्या ठिकाणाहून ती निभावणे अवघड आहे. पहिला मार्ग नियमात आहे, पण तो बहुतेकांच्या कामाचा नाही.

दुसऱ्या मार्गाचे तसे नाही. हीच मुलगी सार्वजनिक प्रशासनाच्या एमएसाठी इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, नाव घालते. तिथेही 80 श्रेयांक धरू. इग्नू एका श्रेयांकाला 30 तासांचा अभ्यास धरते. म्हणजे एकूण 2,400 तास, दोन वर्षांत वाटले तर आठवड्याला 23. बेरीज पुन्हा 45 तासांच्या घरात जाते, पण यातले 23 तास रात्रीचे असू शकतात, रविवारचे असू शकतात, मेट्रोत उभ्याने वाचलेलेही असू शकतात. शिवाय इग्नूची दोन वर्षांची पदवी पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत असते. तसे वाटले तर आठवड्याला साडेअकरा तास पुरतात. दोन पदव्या एकत्र सुरू केल्या म्हणून त्या एकत्रच संपवाव्यात असे कुठेही म्हटलेले नाही, आणि नेमके हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

नागपुरात हा विषय निघाला आणि डॉ. श्रीकांत जिचकारांचे नाव आले नाही असे होत नाही. काटोल तालुक्यातल्या आजनगावचा हा माणूस. 1973 ते 1990 या काळात विद्यापीठाच्या 42 परीक्षा आणि 20 पदव्या, असा त्यांचा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. एमबीबीएस आणि एमडी, मग एलएलएम, एमबीए, पत्रकारिता, शिवाय दहा विषयांत एमए आणि संस्कृतात डी.लिट. अधेमध्ये आयपीएस आणि आयएएस झाले, दोन्ही सेवा सोडल्या आणि 1980 मध्ये विधानसभेत गेले. 2004 साली कोंढाळीजवळ झालेल्या अपघातात ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्या बुद्धीची गोष्ट सगळे सांगतात. विद्यापीठाच्या पंचांगाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा वर्षातून दोनदा होत, आणि जिचकार दर उन्हाळ्यात, दर हिवाळ्यात पेपरला बसत. विधिमंडळात बसलेला माणूस रोज एमएच्या वर्गात बसत असेल, असे कुणी म्हणणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लंडनमधले दिवस याच नजरेने पाहता येतात. कोलंबियात 1915 मध्ये एमए झाल्यावर ऑक्टोबर 1916 मध्ये त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव नोंदवले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये दोन्ही अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एमएस्सी, 1922 मध्ये बॅरिस्टर, 1923 मध्ये डीएस्सी. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा तर द्यावी लागेच, पण सत्र भरल्याची नोंद व्हायची ती इनच्या दालनात ठरावीक वेळा जेवायला हजर राहून. म्हणजे तिथली हजेरी ताटावरची होती. दिवसभराची खुर्ची ग्रंथालयातल्या अर्थशास्त्रासाठी मोकळी राहायची.

तेव्हा काय, आता काय, दोन पदव्या ओढून नेणाऱ्यांची एक पदवी बाकावरची असते आणि दुसरी बिनबाकाची.

मग दुसरी कोणती घ्यावी? परदेशात कायदा आणि व्यवस्थापन अशा जोड्या एकच विद्यापीठ आखून देते आणि काही विषय दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे वर्ष वाचते. आपल्या 2022 च्या सूचनांत तसे नाही. इथे दोन्ही पदव्या पूर्ण वेगळ्या आहेत. अर्थशास्त्राच्या पेपरात सार्वजनिक वित्त शिकलात म्हणून प्रशासनाच्या पदवीतला अर्थसंकल्पाचा भाग कुणी माफ करणार नाही. (मे 2022 मध्ये यूजीसीनेच परदेशी विद्यापीठांबरोबरच्या ‘दुहेरी पदवी’चे नियम आणले, ते वेगळे प्रकरण आहे. नावांच्या या सारखेपणाने बराच गोंधळ केला आहे.) विषय एकमेकांच्या जवळचे असण्याचा फायदा गुणपत्रिकेत दिसत नाही. तो वाचताना मिळतो. बेसा-पिपळ्याचेच उदाहरण घ्या. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली की नाली बांधायला पैसा कुठून येणार, मालमत्ता कर किती बसणार, अनुदान किती, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. तो खर्च करण्याचा अधिकार कुणाचा, मुख्याधिकाऱ्याचा की निवडून आलेल्यांचा, हा प्रशासनाचा. दोन पुस्तके, पण नाली तीच.

नागपुरात अशा जोड्यांना तोटा नाही. मराठीबरोबर संस्कृत घेता येते, रामटेकला त्यासाठी वेगळे विद्यापीठच आहे. इतिहासाबरोबर पाली किंवा आंबेडकर विचारधारा जमते, नागपूर विद्यापीठात दोन्हींचे विभाग आहेत. जोडी फार जवळची असू नये एवढेच. वाणिज्याच्या दोन शेजारच्या शाखा घेतल्या तर दुसऱ्या पदवीत नवे असे हाती फारसे लागत नाही. प्राध्यापक व्हायचे असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आपल्या पदव्युत्तर विषयात द्यायची असते, तिथे दुसरे एमए दुसरे दार उघडते. खासगी नोकरीत मात्र त्याने पगार वाढेलच असे नाही, आणि पालकांना हे आधी सांगितलेले बरे.

काही जोड्या नियमातच अडतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांवर त्या त्या परिषदेचे म्हणणे चालते. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार कायद्याची पदवी करताना दुसरी नियमित पदवी करता येत नाही, दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला मात्र सूट आहे. एलएलएम दूरशिक्षणाने होत नाही. एमएसडब्ल्यू करता करता घरबसल्या मानसशास्त्राचे एमए उरकण्याची वाटही आता बंद झाली, कारण 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणातून शिकवायला यूजीसीने मनाई केली आहे. दूरशिक्षणाच्या संस्थेला त्या वर्षाची, त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबीच्या) संकेतस्थळावर पाहता येते. प्रवेशाआधी विद्यार्थ्याला तिथे स्वतःचा डीईबी आयडीही काढावा लागतो. ‘सगळं आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे जाण्याआधी हे पाच मिनिटांचे काम घरी करून घ्यावे. दोन प्रवेश म्हणजे दोन शिष्यवृत्त्या, असाही समज आहे. शासकीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याला तिच्यासोबत दुसरी घेता येत नाही.

आणि टीसी? दूरशिक्षणात मूळ टीसी अडकून पडत नाही, म्हणून ही वाट मोकळी. दोन्ही प्रवेश प्रत्यक्ष वर्गांचे असतील तर दुसऱ्या कॉलेजाच्या खिडकीवर यूजीसीच्या पत्राची प्रत घेऊन उभे राहावे लागते, आणि आतून ‘आमच्याकडे अजून आदेश आला नाही’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. विद्यापीठांनी आपापल्या अधिकार मंडळांतून यासाठी यंत्रणा उभी करावी, असे त्या सूचनांतच म्हटले आहे.

बेसाच्या त्या मुलीची अडचण वेगळीच असेल. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास लांबत येतात. दोन्ही वेळापत्रके लागली की ती भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवेल आणि एकाच तारखेला दोन पेपर आले आहेत का, ते आधी बघेल. आले असतील तर इग्नूचा पेपर पुढच्या खेपेला ढकलेल. तिच्या चार वर्षांपैकी अजून तीन शिल्लक असतील.