विश्लेषण : बंदुकीवरच्या दुर्बिणीला किती पैसे मोजावेत?

तुरीला शेंगा धरल्या आणि ज्वारी पोटऱ्यात आली की बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या आसपासच्या शिवारांत राखण सुरू होते. दिवसा हरणांचे कळप आणि रात्री रानडुकरे. मोबाइलवर ‘रायफल स्कोप’ शोधले, तर हजार-दीड हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंतच्या दुर्बिणी समोर येतात. त्यातली कोणती परवडेल, हा प्रश्न नंतरचा. ती लावायची कशावर आणि त्यातून बघायचे काय, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की अनेकांचा खर्च शून्यावर येतो.

मुळात शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला देशभर बंदी आहे. कलम ११ मध्ये काही अपवाद आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणारा प्राणी मारण्याची लेखी परवानगी वन विभाग देऊ शकतो, पण ती अनुसूची २ मधील प्राण्यांपुरती. रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय या अनुसूचीत आहेत. काळवीट मात्र अनुसूची १ मध्ये आहे आणि मोरही. त्यामुळे काळविटांनी सगळा हरभरा खाल्ला, तरी पिकाच्या कारणावरून गोळी घालण्याची परवानगी मिळत नाही. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

नारायणगडाच्या पट्ट्यात हे विसरून चालत नाही. मोरांसाठी राखलेले नायगाव मयूर अभयारण्य याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात आहे. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन शिरणे हाच गुन्हा ठरतो. मग त्यावर दुर्बीण असो वा नसो.

पीक संरक्षणाचा परवाना असेल तर?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर होऊ शकते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती येते ती बार भरायची जुनी बंदूक किंवा फार तर बारा बोअर. रायफल नव्हे.

हा फरक कागदावरचा नाही. रायफलच्या नळीत आतून सर्पिल आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ आणि लांब जाते. गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे पसरतात आणि पस्तीस-चाळीस मीटरनंतर त्यांचा भरवसा उरत नाही. तेवढ्या अंतरावरचे जनावर उघड्या डोळ्यांना दिसतेच. उलट दुर्बिणीतून दिसणारा टापू लहान होतो आणि पळणारे जनावर त्यात सापडत नाही. या बंदुकीवर दहा हजारांची दुर्बीण बसवणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे घड्याळ लावण्यासारखे आहे. इथे खर्च शून्य.

‘जेवढ्याची रायफल, तेवढ्याचीच दुर्बीण’ असा एक ठोकताळा शिकाऱ्यांमध्ये सांगितला जातो. तो अमेरिकेसारख्या देशांतून आला आहे. तिथे हंगामी परवान्यावर शिकार चालते आणि शंभर-दोनशे मीटरवरून, अनेकदा संधिप्रकाशात एकच गोळी झाडायची असते. नारायणगडाच्या शिवारात तो हिशेब लागू होत नाही.

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यानंतर गावोगावी मुले नेमबाजीची चौकशी करू लागली असतील, तर नवल नाही. पण या प्रकारात रायफलवर दुर्बीण लावायला नियमानेच मनाई आहे. बारीक छिद्राच्या साध्या माशीतून नेम धरावा लागतो आणि ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे १०.४ मिलिमीटरचे. १० मीटर एअर रायफललाही हेच लागू आहे. मुलाच्या हट्टापायी दुर्बीण घेण्याऐवजी तो पैसा प्रशिक्षण आणि छऱ्यांवर गेलेला बरा.

घराच्या आवारात डब्यांवर नेम धरण्यापुरती एअरगन असेल, तर चार-सहा हजारांच्या पुढे जाण्याचे कारण नाही. मात्र जवळच्या अंतरासाठी फोकस बदलता येणारी दुर्बीण हवी. रायफलच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात आणि दहा-पंधरा मीटरवर नेम चुकवतात. अगदी स्वस्त दुर्बिणीची आतली फुली स्प्रिंगच्या एअरगनच्या उलटसुलट धक्क्यांनी लवकर हलते. आणि एअरगनने होला किंवा तितर पाडणे हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे.

मग दुर्बीण कोणाच्या कामाची?

राखणदाराच्या कामाची, पण बंदुकीवरची नव्हे. गळ्यात अडकवायची दोन डोळ्यांची. कळप कोणत्या बांधावरून आत येतो, किती जनावरे आहेत, हरीण आहे की रोही, हे लांबून कळले तर कुंपण कुठे घालायचे ते ठरते. भरपाईच्या अर्जात जनावर कोणते होते, हेही ठामपणे लिहिता येते. पक्षी पाहणाऱ्यांना आणि जखमी हरणाची खबर वन विभागाला किंवा तागडगावच्या ‘सर्पराज्ञी’सारख्या वन्यजीव केंद्राला कळवणाऱ्यांनाही तीच उपयोगी.

इथे खर्चाचा खरा प्रश्न येतो, आणि इथेच लोक फसतात. जाहिरातीत २०×, ५०×, अगदी १०००× असे आकडे झळकतात. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे आठपट मोठे दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते : ५.२५ मिलिमीटर. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर ती पाचच्या आसपास येते. आता २०×५० चा हिशेब केला तर उत्तर येते अडीच. हरणे ज्या वेळी बाहेर पडतात, त्या तिन्हीसांजेला या दुर्बिणीतून काळोखच मोठा होऊन दिसतो. शिवाय दहापटीच्या वर हाताची थरथरही तेवढीच मोठी होते.

जास्तीचा पैसा जातो तो काचेत. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. दहा पृष्ठभाग पार करेपर्यंत एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थरांचा लेप दिला की ही गळती अगदी थोडी राहते. पेटीवर ‘फुली मल्टी-कोटेड’ लिहिले आहे का, हे पाहायचे ते यासाठी. नुसते ‘कोटेड’ म्हणजे एखाद-दुसऱ्या भिंगालाच लेप.

दोन-अडीच हजारांच्या वस्तूंमध्ये हे सहसा मिळत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात आत वाफ धरते. आठ ते बारा हजारांत चांगल्या लेपाची, नावाजलेल्या कंपनीची ८×४२ मिळू शकते. शेतकऱ्याने इथेच थांबावे. पंचवीस-तीस हजारांची दुर्बीण हलकी असते, पाणी-धुळीला दाद देत नाही आणि संधिप्रकाशात थोडे अधिक दाखवते. रोज पक्षी पाहणाऱ्याला तो फरक जाणवेल. त्याच्या पुढे, लाख-दोन लाखांपर्यंत, दर दहा हजारांमागे मिळणारा फायदा कमी होत जातो.

रात्रीचे काय?

रानडुक्कर येते रात्री, आणि तिथे कोणतीही साधी दुर्बीण निरुपयोगी. उष्णतेवरून जनावर दाखवणारे थर्मल यंत्र महाग पडते. त्यापेक्षा लांब झोताची बॅटरी आणि बांधाला सौर कुंपण हा खर्च वसूल होतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे वेगळे. त्यात जनावराआधी शेजाऱ्याचा किंवा घरच्याच माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि तो गुन्हाही आहे.

दुर्बीण घेताना पारख कशी करावी?

पुढच्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते हिरवट किंवा जांभळट दिसले तर लेप बरा, पांढरेशुभ्र दिसले तर लेप नाही. लालभडक ‘रुबी’ भिंगे दिसायला झोकदार असतात, पण टाळावीत. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका पाहावा. तो पूर्ण गोल हवा, कडा कापलेल्या चौकोनासारखा नको. मग गडाचा कळस किंवा विजेचा खांब आभाळासमोर धरून बघावा. कडेला निळी-जांभळी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली. दोन्ही डोळ्यांनी बघताना मिनिटभरात कपाळ दुखू लागले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत.

ऑनलाइन मागवली असेल तर परतीची मुदत संपण्याआधी एकदा सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी बांधावर उभे राहून बघावे. शंभर मीटरवरची सावली झुडूप आहे की काळवीट, हे ओळखता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी ती पेटीत घालून परत पाठवावी.