कोण व्हायचं, की कुणासोबत चालायचं?

जपानी आणि पाश्चात्त्य रोल-प्लेइंग गेममधला फरक फक्त ग्राफिक्सचा नाही. तो गोष्ट सांगण्याचा आहे, आणि थोडासा जगण्याकडे बघण्याचाही. आपल्या बीडच्या पोरापोरींनी तो का समजून घ्यावा?

मोबाइल आडवा धरून कुणी बसलं असेल तर समजायचं, बीजीएमआय नाहीतर फ्री फायर मॅक्स चालू आहे. उडी मारायची, बंदूक शोधायची, शेवटपर्यंत टिकायचं. वीस-पंचवीस मिनिटांत विषय संपला. पुढच्या डावात सगळं पुन्हा पहिल्यापासून. मागच्या डावात तुम्ही कुणाला वाचवलं, कुणाला दगा दिला, याचं कुणालाच काही पडलेलं नसतं.

पण गेमिंगच्या दुनियेत एक असा प्रकार आहे जो काहीच विसरत नाही. पन्नास-साठ तास, कधी कधी शंभर तास चालणारा. त्यात गोष्ट असते, माणसं असतात, आणि तुम्ही आज जे केलं त्याचे परिणाम दहा तासांनी समोर येतात. त्याचं नाव आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. मराठीत सांगायचं तर सोंग घेऊन खेळायचा खेळ. भारुडात सोंग घेणारा माणूस तेवढ्या वेळापुरता दुसराच कुणीतरी होतो ना, तसंच.

हे सोंग घ्यायच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. एक पाश्चात्त्य, म्हणजे अमेरिका आणि युरोपची. दुसरी जपानी. दोन्हींचे चाहते एकमेकांशी भांडत असतात. भांडण बाजूला ठेवू आणि फरक काय आहे ते बघू.

उगम एकच, वाटा दोन

सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, टेबलावर झाली. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र, बस एवढंच सामान. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्यातली पात्रं होणार. 'समोर दरवाजा आहे, काय करतोस?' असं विचारलं की तुम्ही दरवाजा उघडू शकता, तोडू शकता, नाहीतर पाठ फिरवून निघून जाऊ शकता. फासा टाकायचा आणि बघायचं काय होतंय.

हाच खेळ पुढे कॉम्प्युटरमध्ये शिरला. १९८१ मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे दोन गेम आले. दोन्ही अमेरिकन, दोन्ही इंग्रजी, आणि खेळायला महागडा कॉम्प्युटर लागायचा.

ते खेळून भारावलेल्यांमध्ये युजी होरी नावाचा एक जपानी तरुण होता. त्यानं विचार केला, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही खेळता आलं पाहिजे. त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरातल्या टीव्हीला जोडलेल्या साध्या यंत्रावर. १९८६ च्या मे महिन्यात त्याचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. चित्रं काढली होती अकिरा तोरियामा यांनी. हो, तेच 'ड्रॅगन बॉल'वाले. अख्खा गेम ६४ केबीचा. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवता ते 'गुड मॉर्निंग'चं चित्रसुद्धा बहुतेक त्याहून जड असतं. गेम सेव्ह करायची सोय नव्हती, म्हणून पोरं लांबलचक पासवर्ड वहीत उतरवून ठेवायची. एक अक्षर चुकलं की केलेली सगळी मेहनत पाण्यात.

दीड वर्षानं, डिसेंबर १९८७ मध्ये हिरोनोबू साकागुची यांचा 'फायनल फँटसी' आला आणि जपानी परंपरा पक्की झाली. तिची ताकद किती? १० फेब्रुवारी १९८८ ला 'ड्रॅगन क्वेस्ट ३' दुकानात आला. वार होता बुधवार. शाळा बुडवून मुलं रांगेत उभी राहिली, पोलिसांनी कित्येकांना पकडलं. आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला जगभरचे खेळाडू मैदानात आले, ते 'ड्रॅगन क्वेस्ट'सह अनेक गेमच्या संगीतावर. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ज्या ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेस धावला, तेच हे ऑलिम्पिक.

'नको' म्हटलं तरी वाढणारच

आता मुख्य फरक. पाश्चात्त्य आरपीजी तुम्हाला पहिला प्रश्न विचारतो: तू कोण होणार?

'स्कायरिम' (२०११) घ्या. सुरुवातीलाच चेहरा, वंश, अंगकाठी सगळं तुम्ही ठरवायचं. मग मोठंच्या मोठं जग उघडतं. ड्रॅगनपासून जग वाचवणं हे तुमचं मुख्य काम. पण ते सोडून तुम्ही चोऱ्या करा, घर बांधा, लग्न करा, नुसतं डोंगरात हिंडा, कुणी अडवत नाही. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) तर त्याहून पुढे जातो. समोरच्याशी लढायचं, गोड बोलायचं, की त्याला गंडवायचं, हे तुम्ही ठरवायचं. फासाही पडद्यावर खराखुरा फिरताना दिसतो. १९७४ चं ते टेबल अजून सुटलेलं नाही.

जपानी आरपीजी मात्र विचारतो: तू कुणासोबत चालणार?

इथं नायक बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. त्याचं नाव, गाव, दुःख, सगळं लिहून ठेवलेलं. वाटेत त्याला एकेक साथीदार भेटत जातो आणि त्यांची टोळी होते. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मधला एक प्रसंग फार प्रसिद्ध आहे. राजकन्या तुम्हाला काहीतरी विचारते, 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं असतं. तुम्ही 'नाही' म्हटलं तर ती पुन्हा तेच विचारते. पुन्हा 'नाही', पुन्हा तोच प्रश्न. तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत. आपल्याकडं पंगतीत 'नको नको' म्हणून हात आडवा धरला तरी पोळी पडतेच, तसला आग्रह!

पाश्चात्त्य गेम खेळलेल्यांना हे ऐकून हसू येतं. मग निवड द्यायचीच कशाला? पण ज्याला शेवट माहीत आहे तो माणूसही कीर्तनाला जाऊन बसतोच की. कथा बदलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी डोळ्यांत पाणी येतं. कारण प्रश्न 'पुढं काय होणार' हा नसतो, 'हे सांगतोय कसं' हा असतो.

'फायनल फँटसी ७' (१९९७) मध्ये एरिथ नावाची साथीदार आहे. गोष्टीच्या मध्यावरच ती मारली जाते. तुम्ही तिची लेव्हल कितीही वाढवलेली असो, तिला कितीही भारी हत्यारं दिलेली असोत, काही उपयोग नाही. ती जातेच. तुमच्या हातात कंट्रोलर आहे आणि तरीही तुम्ही काही करू शकत नाही. हा धक्का पोहोचवायला 'निवड नसणं' हेच हत्यार वापरलंय.

ग्राइंडिंग म्हणजे अभ्यासिका

दुसरा फरक मेहनतीचा. जुन्या जपानी आरपीजीमध्ये पुढचा राक्षस हरवता येत नसेल तर उपाय एकच. मागं जा, त्याच त्या छोट्या राक्षसांशी शंभर वेळा लढा, लेव्हल वाढवा, परत या. याला 'ग्राइंडिंग' म्हणतात. कंटाळा येतो. पण अभ्यासिकेत बसून तीच प्रश्नपत्रिका अकराव्यांदा सोडवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. एमपीएससीवाले मुळात जपानी आरपीजीच खेळतायत. फक्त तिथं राक्षस नक्की हरतो आणि इथं तो दरवर्षी पॅटर्न बदलतो!

'पर्सोना ५' या गेममध्ये तर तुम्ही टोकियोतला कॉलेजच्या वयाचा मुलगा असता आणि गेम चालतो कॅलेंडरवर. आज संध्याकाळी अभ्यास करायचा, पार्टटाइम काम करायचं, की मित्राला वेळ द्यायचा? तिन्ही होणार नाही. आणि मित्रांशी नातं जेवढं घट्ट, तेवढी लढाईतली ताकद जास्त.

भिंत कधीच पडलीय

एवढं वाचून 'पाश्चात्त्य म्हणजे मोकळीक, जपानी म्हणजे रूळ' असं पाठ करून टाकू नका. 'द विचर ३' (२०१५) पोलंडचा, पण त्यातला नायक गेराल्ट आधीच ठरलेला, कारण तो कादंबऱ्यांमधून आलाय. 'एल्डन रिंग' (२०२२) जपानी, पण नकाशा इतका मोकळा की कुठं जायचं हे कुणी सांगतच नाही. २०२५ चा गाजलेला 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३' फ्रान्समध्ये तयार झाला, पण त्याचा जीव जपानी, आळीपाळीनं वार करायच्या जुन्या पद्धतीचा. 'फायनल फँटसी १६'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी तर २०२३ मध्ये सांगितलं, की 'जे-आरपीजी' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा त्यांच्या पिढीच्या जपानी निर्मात्यांना तो हिणवल्यासारखा वाटला होता. आम्ही आरपीजी बनवतो, वेगळं लेबल कशाला?

आणि 'एल्डन रिंग'चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची गोष्ट तर आपल्या प्रत्येकासाठी आहे. लहानपणी घरची परिस्थिती बेताची. वाचनालयातून इंग्रजी पुस्तकं आणायची, पण निम्मं समजायचं नाही. मग जे कळलं नाही ते चित्रं बघून मनानंच भरून काढायचं. त्यांच्या गेममधली गोष्ट अशीच तुकड्यातुकड्यांत का सांगितलेली असते, ते इथं कळतं. ते गेम बनवायला आले तेही तिशीच्या उंबरठ्यावर, आधीची नोकरी सोडून. इंग्रजी अर्धवट समजतं म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आपली गोष्ट कोणत्या पद्धतीनं?

आता खरा प्रश्न. पोलंडला त्यांच्या लोककथा सापडल्या, जपानला त्यांच्या शाळा आणि देवळं सापडली. आपलं काय?

सुरुवात झालीय. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं २०२० मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' आणला. भावाला शोधणाऱ्या एका मुलीची गोष्ट, पौराणिक पार्श्वभूमीवर. तो आरपीजी नाही, अॅक्शन-अॅडव्हेंचर आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी गेम पूर्ण झाला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं.

पण प्रत्येक वेळी पुराणातच जायला हवं का? ऊसतोडीचा हंगाम घ्या. दसरा झाला की गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाची उचल डोक्यावर. खाडा पडला की पैसे कापले. यात आरपीजीला लागणारं सगळं आहे. कॅलेंडर आहे, टोळी आहे, रोज तेच काम आहे, आणि कमी न होणारा आकडा आहे.

समजा, यातली नायिका बारावीची मुलगी आहे. पाश्चात्त्य पद्धतीनं बनवलं तर गेम विचारेल: आई-बापासोबत फडावर जायचं, आजीजवळ गावात राहायचं, की धाकट्या भावाला हंगामी वसतिगृहात ठेवून कॉलेज गाठायचं? निवड तुमची. पण कितीतरी घरांत हे पर्याय पडद्यावर उमटतच नाहीत. उचल घेतली त्याच दिवशी निर्णय झालेला असतो. मग जपानी पद्धतच जास्त खरी नाही का? 'नाही' दाबलं तरी मुकादम पुन्हा तोच प्रश्न विचारतो, तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत. पंगतीतल्या आग्रहाचं हसू येतं, इथं येत नाही.

म्हणून हा फरक कळायला हवा. 'तू ठरवलंस तर काहीही होऊ शकतोस' असं सांगणारी भाषणं आपण खूप ऐकतो. तो पाश्चात्त्य आरपीजीचा सूर आहे. तो उमेद देतो, पण सगळ्यांच्या हातात सारखेच पर्याय नसतात हे विसरतो. जपानी आरपीजी सांगतो की वाट ठरलेली असली तरी सोबत कोण आहे, यानं चालणं बदलतं. दोन्ही अर्धं-अर्धं खरं आहे. चांगला गेम तोच, जो कुठं निवड द्यायची आणि कुठं काढून घ्यायची हे ओळखतो.

होरीनं अमेरिकेचा खेळ उचलला तो नुसती नक्कल करायला नाही. आपल्या भाषेत, आपल्या पोरांकडे असलेल्या यंत्रावर तो आणला. आपल्याकडं ते यंत्र म्हणजे मोबाइल, आणि ती भाषा मराठी. ६४ केबीत त्याचं भागलं. आपल्या खिशात त्याच्या लाखो पट जागा आहे.

सुरुवात कुठून कराल?

• मोबाइलवर, जपानी: 'क्रोनो ट्रिगर' (१९९५). काळातून प्रवास करणाऱ्या मित्रांची गोष्ट. विकत घ्यावा लागतो, पण जाहिराती नाहीत, इंटरनेट सारखं लागत नाही.

• मोबाइलवर, पाश्चात्त्य: 'स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' (२००३). चांगलं वागायचं की वाईट, तुम्ही ठरवा. हाही विकतचा.

• फुकट हवा असेल तर: 'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०). चिनी कंपनीचा, जपानी वळणाचा. फोनमध्ये जागा भरपूर लागते. नवीन पात्रं लॉटरीसारखी मिळतात, तिथं पैसे घालायचा मोह आवरा.

• स्वतः बनवायचा असेल तर: 'ट्वाइन' हे मोफत साधन आहे. ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग जवळपास लागत नाही आणि मराठीत लिहिता येतं. पुढे 'गोडॉट' हे मोफत गेम इंजिन शिका. आणि नुसत्या मजकुरावर गेम कसा उभा राहील, अशी शंका असेल तर 'डिस्को एलिझियम' (२०१९) बघा. एस्टोनियातल्या मंडळींनी बनवलेला, दहा लाखांहून जास्त शब्दांचा, आणि त्यातल्या 'लढाया' जवळपास सगळ्या बोलण्यातूनच होतात.